गगनबावड्याची वळणं आणि मोकळी कंबर, दोन्ही पाहिजे असंल तर कुठली गाडी घ्यावी

सरळ सांगून टाकतो. मी ट्रायम्फची स्पीड ४०० ही मोटरसायकल घेतली, आणि कोल्हापुरात राहून घाट फिरणाऱ्या, साधारण पाच फूट पाच ते दहा इंच उंचीच्या माणसाला आजच्या घडीला हीच गाडी सगळ्यात जास्त जुळंल असं माझं ठाम मत झालंय. पण एवढ्यावर विषय संपत नाही, कारण ज्याला फक्त वळणंच हाणायची आहेत त्याला मी केटीएमची ३९० ड्यूक सांगीन आणि ज्याची कंबर आधीच कुरकुरायला लागलीय त्याला रॉयल एनफिल्डची गुरिल्ला ४५०, आणि ते का हे नीट सांगायला पाहिजे. मित्रमंडळीत प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो, लांब होणार आहे, वेळ असंल तसं वाचा.

आपल्याकडं नवीन गाडी दारात आली की पहिला प्रश्न पिकअप कसाय, दुसरा ॲव्हरेज किती, तिसरा टॉप किती जाते. वळणात कशी जाते हे कोणच विचारत नाही. आणि आपण राहतो कुठं बघा की. वाघबीळला वळलं की पन्हाळ्याचा चढ, केर्लीतनं जोतिबा, पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा आणि तिथनं खाली कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट, राधानगरी दाजीपूर करत गेलं की फोंडा, मलकापूरच्या पुढं आंबा, आजऱ्याकडनं आंबोली, आणि जरा वाट वाकडी केली तर अणुस्कुरा. सकाळी चहा घेऊन निघालं तर नाष्ट्याच्या वेळेला माणूस वळणात असतंय. असल्या गावात राहून गाडी सरळ रस्त्यावर किती पळते यावर पैसे टाकायचे हे मला पटत नाही.

माझी आधीची गाडी खाली वाकून बसायची होती, क्लिपऑन हँडलवाली, फेअरिंगवाली. तसली बैठक ट्रॅकवर बरोबरच आहे, कारण शंभरच्या वर गेलं की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हातावरचा भार कमी होतो. पण रंकाळ्यावरनं फुलेवाडीकडं तीसच्या स्पीडनं जाताना वारा काय उचलणार, सगळं अंग मनगटावर येतंय. माझी मनगटं आणि मान दोन्ही दुखायला लागली म्हणून गाडी बदलायची ठरवलं, पण एक गोष्ट मनात पक्की होती की आराम पाहिजे म्हणून वळणातली मजा सोडायची नाही. लोक म्हणतात दोनातलं एकच मिळतंय, एकतर स्पोर्ट घ्या नाहीतर क्रुझर, म्हणजे पाय पुढं टाकून आरामात बसायची गाडी घ्या. हे मला मुळातच चूक वाटतं आणि या सगळ्या लिहिण्यातला माझा मुद्दा पण तोच आहे, घाटात चांगलं वळायचं असंल तर आधी आरामात बसता यायला पाहिजे.

कसं ते सांगतो. गाडीला जरा स्पीड असला की ती वळते ती हँडलला दिलेल्या हलक्या दाबानं. डावीकडं जायचं तर डावं हँडल थोडं पुढं ढकलायचं, गाडी डावीकडं झुकते आणि त्याच बाजूला वळते. ऐकायला उलटं वाटतंय पण सायकल चालवणारं पोरगं पण नकळत हेच करतंय. आता विचार करा, ज्या हातानं हा एवढा हलका दाब द्यायचाय तोच हात जर अख्ख्या अंगाचं वजन पेलत बसला असंल तर तो दाब देणार कसा आणि पुढचं चाक काय सांगतंय ते त्याला कळणार कसं. हात ताठ झाला की गाडी वळायला जड होते, खड्डा आला की हँडल आणि खांदा दोन्ही एकदम हलतात, माणूस घाबरतो आणि आणखी घट्ट धरतो. हात सैल, कोपर किंचित वाकलेलं, गुडघे टाकीला चिकटलेले आणि वजन मांड्यांवर आणि पायावर, एवढं जमलं की साधी गाडी पण घाटात चांगली चालते.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं तर तीन ठिकाणं, सीट, हँडल आणि फुटरेस्ट, आणि त्यांचं एकमेकांपासनं अंतर. सोबत एक मित्र न्या, त्याला पुढनं गाडी सरळ धरायला सांगा आणि तुम्ही दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून बसा. साइड स्टँडवर तिरक्या गाडीवर बसून काहीच कळत नाही. मग घाटात बसता तसं थोडं पुढं झुका आणि हात हँडलवरनं सोडा. पोट आणि मांड्यांच्या जोरावर तसंच बसता आलं तर ती बैठक तुमची, आणि हात सोडल्या सोडल्या छाती टाकीवर आदळायला लागली तर ती गाडी तासाभरानं मनगटं खाणार. नंतर गुडघे बघा. फुटरेस्ट जास्त मागं आणि वर असले की गुडघा लई दुमडतो, पंधरा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये ते कळत नाही, कळेपर्यंत तुम्ही खोपोलीत असता. पण फुटरेस्ट लई खाली आणि पुढं असले तरी घाटात उपयोग नाही, गाडी जरा झुकली की ते रस्त्याला घासतात आणि वळणात पायावर वजन टाकता येत नाही. रॉयल एनफिल्डच्या मीटिओर ३५० सारख्या गाड्या हायवेला सोफ्यासारख्या असतील, पन्हाळ्याच्या हेअरपिनला, म्हणजे उलट फिरणाऱ्या बारीक वळणाला, मला त्या नको वाटतात.

टेस्ट राइडचं पण बोलतो. एका शोरूमनं मला हायवेच्या सर्व्हिस रोडवरनं सरळ पुढं आणि सरळ मागं एवढंच फिरवून आणलं, नाव लिहीत नाही, पण एवढे पैसे घेताना गिऱ्हाईकाला एक वळण तरी दाखवा की. आपणच आग्रह धरायचा. स्पीड ब्रेकर, खराब पॅच आणि एक तरी बऱ्यापैकी मोठं वळण असा रस्ता मागायचा, आणि निघायच्या आधी टायरची हवा बघायला लावायची, कारण शोरूमच्या गाड्यांत बऱ्याचदा हवा जास्त असते आणि मग गाडी आहे त्यापेक्षा कडक वाटते. मित्रांच्या गाड्या मिळाल्या तर सगळ्यात उत्तम, मला बऱ्याचशा तशाच मिळाल्या आणि त्याचं ऋण आहेच.

आता आकड्यांचं. कागदावर सीसी (इंजिनाचं माप) आणि पीएस (ताकद) बघून झाले की दोन-तीन आकडे आणखी बघत जा. व्हीलबेस म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, कमी असलं की गाडी पटकन वळते, जास्त असलं की सरळ जाताना स्थिर राहते. रेक म्हणजे पुढचा चिमटा किती तिरका आहे, आणि ट्रेल म्हणजे त्या चिमट्याची रेघ जमिनीला लागते तिथनं टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. रेक आणि ट्रेल कमी तर हँडल हलकं, जास्त तर गाडी शांत. स्पीड ४०० ला व्हीलबेस १३७७ एमएम, रेक २४.६ अंश आणि ट्रेल १०२ एमएम. एनफिल्डच्या हंटर ३५० चा व्हीलबेस १३७०, गुरिल्लाचा १४४०. हे साठ-सत्तर एमएम म्हणजे चार बोटं पण नाहीत, पण भुईबावड्यात लागोपाठ डावं उजवं डावं आलं की अंगाला कळतात. चाकाचं माप पण बघा, दोन्ही १७ इंची असलेल्या गाड्या दिशा लवकर बदलतात आणि त्या मापात चांगले रेडियल टायर सहज मिळतात. क्लासिक ३५० ला पुढं १९ आणि मागं १८ आहे, ती गाडी राजेशाही चालीनं जाते आणि तिला तसंच चालवावं.

ड्यूक ३९० पासनं सुरू करतो. नवीन ३९९ सीसीची, ४६ पीएस, ३९ एनएम टॉर्क (म्हणजे इंजिनाची ओढ), वजन १६८ किलोच्या आसपास. ही माझ्या मित्राची आहे आणि करूळ घाटात मी ती चालवली, भावांनो काय गाडी आहे, नाद खुळा. नुसतं नजर वळवली की गाडी वळते असं वाटतंय, हेअरपिनमधनं बाहेर पडताना पुढचं चाक कुठं आहे हे हाताला स्पष्ट कळतंय, ब्रेक दाबत दाबत वळणात शिरलं तरी बिचकत नाही. पुढच्या शॉकअपला कॉम्प्रेशन (तो किती पटकन दबतो) आणि रिबाउंड (किती पटकन परत उघडतो) दोन्ही ॲडजस्ट करता येतात, मागच्याला रिबाउंड आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते), म्हणजे खराब रस्त्याला मऊ आणि रविवारी सकाळी घाटाला कडक असं आपल्या आपण करता येतंय. कॉर्नरिंग एबीएस आहे, म्हणजे गाडी झुकलेली असताना ब्रेक जोरात लागला तरी ते सांभाळून घेतं, पावसाळ्यात गगनबावड्याला जाणाऱ्याला ही गोष्ट किती मोलाची आहे हे मी सांगायला नको. मग घेतली का नाही? सीट उंच, ८०० किंवा ८२० एमएम अशी ठेवता येते, ते ठीक आहे, पण फुटरेस्ट मागं आणि वर असल्यामुळं माझे गुडघे दोन तासात बोलायला लागले. इंजिनला पण वरच्या आरपीएमला राहायला आवडतं, गंगावेशीतल्या गर्दीत ती गाडी अधीर होते आणि आपल्यालाही करते. आणि मागची सीट, आमच्या घरच्यांनी वाघबीळपर्यंत बसून बघितलं आणि ही आणायची नाही म्हणून सांगितलं. एकटं फिरणारा, तिशीच्या आतला, गुडघे ठणठणीत, असा कोण असंल तर त्यानं दुसरीकडं बघूच नये असं मी म्हणीन.

गुरिल्ला ४५० बरोबर उलटी. हिमालयनचं ४५२ सीसीचं इंजिन, ४० पीएस आणि ४० एनएम, आणि तो टॉर्क ५५०० आरपीएमला मिळतोय म्हणजे घाटात तिसऱ्या गिअरला टाकून ठेवली की खाली गिअर टाकायचं काम फार पडत नाही. सीट ७८० एमएम, म्हणजे बुटक्या माणसाचे पण दोन्ही पाय नीट टेकतात, आणि बसल्यावर पाठ सरळ, हात सैल, गुडघा मोकळा. या सगळ्या गाड्यांत सगळ्यात आरामाची बैठक हीच, त्यात वादच नाही. वजन १८५ किलो आणि मागचा टायर रुंद, १६०/६०, त्यामुळं वळणात शिरायला ड्यूकपेक्षा जरा जास्त ढकलावी लागते, पण एकदा झुकली की रुळावर चालल्यागत जाते, मोठ्या गोल वळणात, म्हणजे आंबा घाटात साखरप्याच्या बाजूला उतरताना जशी आहेत तसल्यात, मला ती ड्यूकपेक्षा पण जास्त भरवशाची वाटली. लहान हेअरपिनला मात्र लांबी जाणवते. टाकी ११ लिटरची आहे, लांब फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. चाळिशी ओलांडलेल्या माझ्या मावसभावानं ही घेतलीय, पूर्वी तो कोकणात गाडीनं जायला नको म्हणायचा, आता दर महिन्याला कुठंतरी असतो.

आणि या दोघींच्या मधे स्पीड ४००. ३९८ सीसी, ४० पीएस, ३७.५ एनएम, सीट ७९० एमएम, वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, टाकी १३ लिटर. आकडे बघितले तर कशातच पहिली नाही. पण बसल्यावर कळतंय. हँडल रुंद आहे आणि बरोबर हाताशी येतं, फुटरेस्ट किंचित मागं पण उंच नाही, त्यामुळं अंग थोडंसंच पुढं झुकतं आणि भार मनगटावर न जाता मांड्यांवर राहतो. हँडल रुंद असल्याचा फायदा म्हणजे दाब कमी लागतो, बोटभर ढकललं की गाडी झुकते. पन्हाळ्याच्या रस्त्यावर दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी अशी लयीत जाते की गिअर मोजायचं भान राहत नाही. ड्यूकची धार तिला नाही हे मान्य, पुढचा ४३ एमएमचा उलटा शॉकअप चांगला आहे पण त्याला काही ॲडजस्ट करता येत नाही, मागं फक्त प्रीलोड. कॉर्नरिंग एबीएस नाही, साधं ड्युअल चॅनेल (दोन्ही चाकांचं) एबीएस आणि बंद करता येणारा ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारा). म्हणजे पावसात वळणाच्या मधे ब्रेकवर उडी मारायची सवय असणाऱ्यानं विचार करून घ्यावी. पण कळ्यापासनं असळजपर्यंतचा रस्ता, मग घाट, मग वैभववाडीत जेवण आणि परत, एवढं एका दिवसात करून घरी आल्यावर मी जिना चढून वर जाताना कुठं हात लावत नाही, आणि घाटात पण मन भरलेलं असतंय. हे दोन्ही एका गाडीत मला फक्त इथं मिळालं. २०२३ च्या जुलैमध्ये ती आली तेव्हाची सीट जरा कडक होती, पुढं २०२४ च्या अपडेटमध्ये फोम वाढवला आणि ॲडजस्ट होणारे लिव्हर दिले, सेकंडहँड बघणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं. सर्व्हिस १६ हजार किलोमीटरला, पहिली सोडून, हे पण फिरणाऱ्याला बरं पडतंय.

बाकीच्यांचं थोडक्यात. पल्सर एनएस ४०० झेड, ३७३ सीसी, आली तेव्हा ४० पीएस आणि २०२५ च्या गाडीला ४३, १७४ किलो, पैशाच्या मानानं एवढी ताकद दुसरीकडं नाही आणि हायवेला मस्त, पण आधी आली तेव्हा मागं १४०/७० टायर होता आणि वळणात ड्यूक-स्पीडएवढा विश्वास मला वाटला नाही, २०२५ च्या गाडीला १५०/६० दिलाय, घेणार असाल तर तीच घ्या. अपाचे आरटीआर ३१० वळणात लई भारी आहे, ३५.६ पीएस, १६९ किलो, जादा पैसे देऊन पूर्ण ॲडजस्टेबल सस्पेन्शनचा किट मिळतोय, बैठक थोडी स्पोर्टी, ड्यूक आणि स्पीडच्या मधली म्हणा. यामाहाच्या एमटी १५ वर तर माझं प्रेमच आहे, १४१ किलोची गाडी, जोतिबाच्या वळणांत तिला पकडणं अवघड, पण १८ पीएसमध्ये मागं माणूस घेऊन चढ चढायचा म्हणजे सारखा गिअरवर पाय आणि सीट पातळ. कॉलेजचं पोरगं असंल तर तिच्यावरच वळणं शिकावीत, मोठी गाडी नंतर. हंटर ३५० शहरात गोड गाडी, १७ इंची चाकं असल्यामुळं एनफिल्डच्या साडेतीनशेत सगळ्यात चपळ तीच, मागचे शॉकअप कडक होते ते २०२५ मध्ये बदललेत. सुझुकीची जिक्सर २५० कोण बघतच नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं, १५६ किलो, साडेसव्वीस पीएस, साधी सरळ बैठक, रोज गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्या आणि रविवारी घाट करणाऱ्या माणसाला तिच्यात काय कमी आहे ते मला तरी सापडत नाही.

गाडी घेतल्यावरची एक गोष्ट आहे जी गाडी निवडण्याएवढीच महत्त्वाची आहे आणि कोण करत नाही, ती म्हणजे मागच्या शॉकअपचा प्रीलोड. कंपनी गाडी एका ठराविक वजनाच्या माणसासाठी सेट करून पाठवते. तुम्ही नव्वद किलोचे असाल, नाहीतर मागं घरची माणसं आणि सॅडलबॅग असतील, तर मागचा भाग जास्त बसतो. मागचा भाग बसला की पुढचा चिमटा आणखी तिरका होतो, म्हणजे रेक वाढतो, पुढचं चाक हलकं होतं, आणि वळणात गाडी बाहेर बाहेर जायला बघते. मग माणूस म्हणतो गाडी वळत नाही. गाडी वळते, तिला बसवलंय कसं ते बघा. घरच्या घरी मोजता येतंय. दोघांनी गाडी उचलून मागचं चाक मोकळं लोंबू द्यायचं आणि चाकाच्या आसापासनं वर सीटखालच्या एका ठरलेल्या जागेपर्यंत टेपनं अंतर मोजायचं. मग हेल्मेट जॅकेट घालून गाडीवर नेहमीसारखं बसायचं, पाय फुटरेस्टवर, आणि तेच अंतर परत मोजायचं. दोनातला फरक एकूण प्रवासाच्या तीस टक्क्यांच्या आसपास यायला पाहिजे. स्पीड ४०० ला मागचा प्रवास १३० एमएम आहे, म्हणजे चाळीस एमएमच्या जवळपास. जास्त आला तर प्रीलोड वाढवा, कमी आला तर कमी करा. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडं मी जातो त्यांनी हुकच्या पान्यानं दहा मिनिटात करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी जोडीनं राधानगरीला गेलो तर गाडी वेगळीच वाटली, तीच वळणं, तेच दोघं, पण हँडल हलकं झालेलं. मिस्त्रींनी वर ताकीद दिली की एकटं फिरताना परत खाली कर, नाहीतर खड्ड्यात मागनं उडवंल.

टायरच्या बाबतीत पण असंच. आपल्याकडं रुंद टायर टाकायची हौस लई आहे. रिमच्या मापापेक्षा रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूनं आवळला जातो, त्याचा गोलवा बदलतो आणि गाडी झुकायला जड होते. दिसायला भारी, वळायला वाईट. कंपनीनं दिलेलं माप ठेवा आणि त्याच मापात चांगला रेडियल घ्या, पैसे तिथं घाला, सायलेन्सरवर घालू नका. हवा गाडी थंड असताना भरा, चेनगार्डपाशी नाहीतर मागच्या आर्मवर स्टिकर असतोय, एकट्याची वेगळी आणि दोघांची वेगळी लिहिलेली असते, तेवढीच. नवीन टायर असला तर सुरवातीला तो गुळगुळीत असतो, पहिले शंभर दीडशे किलोमीटर झुकवायची घाई नको.

रस्त्यांचं बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही कारण आपल्या घाटांत गाडीपेक्षा रस्ता जास्त ठरवतो. गळीत हंगाम सुरू झाला की कुडित्र्यापासनं पुढं सगळा रस्ता ट्रॅक्टरनी भरतोय, दोन दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, आणि वळणावर उसाचा पाला पडलेला. सुका पाला टायरखाली आला की पकड गेली म्हणून समजा, आणि पहाटेच्या दवात तर विचारू नका. नोव्हेंबर ते मार्च या रस्त्यावर मी अंधारात वळणं घेतच नाही, उजाडल्यावरच. पावसाळ्यात गगनबावड्याला धुकं एवढं असतंय की पुढच्या एसटीचा लाइट पण जवळ आल्यावर दिसतो, वर लाल माती वाहून रस्त्यावर आलेली. करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी बराच काळ बंद होता, आता काँक्रीटवर पकड चांगली आहे पण जोडाच्या खाचा असतात तिथं झुकलेल्या गाडीचं चाक किंचित हलतंय, घाबरून ब्रेक दाबू नका, ते आपोआप सरळ होतं. दाजीपूरच्या बाजूला संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, तिथं वळणाच्या पलीकडं काय आहे ते दिसत नसंल तर स्पीड कमी म्हणजे कमीच.

या सगळ्यामुळंच मला आरामाची बैठक कॉर्नरिंगसाठी लागते असं वाटतं. सरळ बसलेल्या माणसाची नजर लांब जाते. मान वर असते, वळणाच्या पलीकडचा टेम्पो आधी दिसतो, ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी उरकून होतात आणि वळणात फक्त हलका थ्रॉटल धरायचा राहतो. वाकलेल्या माणसाला मान उचलून बघावं लागतं आणि दमला की तो उचलत नाही. आंधळ्या वळणात मधल्या पट्ट्याला चिकटून जाऊ नका, उजव्या वळणात झुकल्यावर डोकं पट्ट्याच्या पलीकडं जातं, डाव्यात आपण बाहेर फेकलो गेलो तर समोरच्याच्या अंगावर, दोन्हीत आपल्या लेनच्या मधोमध राहिलेलं बरं. एसटी हेअरपिनला पूर्ण रस्ता घेते, तिचा हक्कच आहे तो, थांबा आणि जाऊ द्या.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. म्हणजे एमटी १५, जिक्सर २५०, हंटर, आरटीआर ३१० यांना फायदा आणि चारशेच्या गाड्या त्या मानानं महाग. भाव सारखे हलतात म्हणून इथं आकडे टाकत नाही, शोरूममधनं लेखी ऑन रोड कोटेशन घ्या, विमा आणि ॲक्सेसरीज वेगळ्या लिहून मागा. आधी चारशेच पाहिजे म्हणणाऱ्यांना पण मी आता सांगतो की आरटीआर ३१० एकदा चालवून मगच ठरवा, फरकाच्या पैशात जॅकेट, ग्लोव्हज, चांगलं हेल्मेट आणि टायरचा जोड येतोय.

जुनी घ्यायची असंल तर एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंगच्या ड्यूक आणि स्पीड बऱ्यापैकी मिळतात. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर बोट फिरवा, तेलाचा ओलावा लागला तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल हळू हळू इकडून तिकडं फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय, असली गाडी वळणात कधीच नीट जाणार नाही, बदलून दे म्हणावं नाहीतर किंमत कमी करून घ्यावी. मागचा टायर मधोमध सपाट झालेला असंल तर गाडी हायवेलाच पळवलीय, टायरचा खर्च धरून बोला. आणि मालकाला सांगून वाघबीळपर्यंत तरी चालवून आणा, पहिल्या दोन वळणांत हात सैल राहिले का ते बघा.